एमजीबीचा गंज: आधी पाण्याची वाट शोधा, मग ग्राइंडर उचला

गोव्यात जुनी गाडी तीन गोष्टींनी सडते: खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि तांबडी माती. पहिल्या दोन सगळ्यांना ठाऊक असतात, तिसरीकडे कुणी बघत नाही. चाकांनी उडालेली माती मडगार्डच्या आत, सिलच्या (दाराखालच्या लांब पोकळ पेटीच्या) टोकाशी थापून बसते आणि पाऊस सरल्यावरही कित्येक दिवस ओल धरून राहते. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते, आत मात्र पत्रा ओल्या चिखलाला टेकलेला असतो. त्यात मीठ असलं की ते हवेतली ओल स्वतःकडे ओढतं, म्हणून किनाऱ्याजवळच्या गाडीचा गंज डिसेंबरातही थांबत नाही.

इथे एमजीबी रोडस्टर समोर ठेवली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यातून वर छप्पर नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम दाराखालचे दोन सिल करतात. सिल सडला तर गाडी नुसती कुरूप होत नाही, मधोमध बसते. ट्रायम्फ स्पिटफायरला वेगळी चासी आहे खरी, पण तिथेही सिलवर भार येतोच आणि मागच्या चाकांना धरणारे दांडे सीटमागे बॉडीलाच जोडलेले असतात. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची बॉडी बोल्ट काढून चासीवरून उचलता येते, म्हणून तिचं काम निम्म्याने सोपं. गोव्यातच बनलेल्या सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची. ती गंजत नाही, पण खालचा लोखंडी सांगाडा गंजतो, आणि फायबरखाली झाकलेला असल्याने उशिरा कळतो.

तपासणी

उत्तम वेळ म्हणजे चवथ (गणेशचतुर्थी) उरकून पाऊस ओसरायला लागतो ते दिवस. पाणी कुठून झिरपतं ते तेव्हा ताजं दिसतं. एप्रिल-मेमध्ये सगळं वाळून फसवं होतं. मात्र दुरुस्ती नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे धरा.

हाताशी बोथट स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, टॉर्च, खडू, पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक आणि मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा असू द्या. कॅमेरा स्वस्तात मिळतो आणि सिलच्या पोकळीत तोच खरं बोलतो. चुंबक जिथे ढिलं पडतं तिथे पत्र्यावर पुट्टी जाड आहे. हातोडीने हलकं वाजवत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला किंवा पुट्टीने भरलेला थप्प वाजतो. जिथे शंका आली तिथे खडूने गोल करा. विकत घ्यायची गाडी असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचण्याआधी मालकाला विचारा.

पहिली परीक्षा जॅकची. दोन्ही दारं बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली पट्टीने मोजा, आकडे लिहून ठेवा. वरची फट खालच्यापेक्षा स्पष्टपणे अरुंद असेल तर गाडी आधीच बसली आहे. मग सिलखालच्या जॅकच्या ठिकाणी गाडी हळूहळू उचला. फट बदलली, दार घट्ट झालं किंवा जॅकखालून करकर आवाज आला तर तिथेच थांबा. बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो, त्या सिलचं काम पूर्ण करावं लागणार. जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पुढच्या क्रॉसमेंबरखाली (दोन चाकांमधल्या जाड आडव्या दांड्याखाली) आणि मागच्या अॅक्सलखाली घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी आधार, लावल्यावरच खाली जा.

दुसरी परीक्षा पाण्याची. कार्पेट आणि खालचा फेल्ट काढा. फेल्ट ओला लागला तर अर्धं उत्तर मिळालंच. मग काचेच्या पुढच्या जाळीत झारीने चार-पाच लिटर पाणी सावकाश ओता आणि एकाला खाली बघायला बसवा. ते पाणी गिअरबॉक्सच्या बोगद्याजवळच्या रबरी नळीतून खाली पडायला हवं. नळी पाल्याने आणि मातीने तुंबली की पाणी हीटरच्या बाजूने पायाशी उतरतं आणि फ्लोअर वरून सडतो. गाडी फणसा-आंब्याखाली उभी राहत असेल तर ही नळी हमखास भरलेली सापडते. अशा फ्लोअरला नवा पत्रा मारून नळी तशीच ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यात पैसे पुन्हा पाण्यात.

आता पत्र्यावर या. पुढचं चाक काढा आणि मडगार्डच्या मागच्या बाजूला जो उभा आडोसा आहे त्याच्या मागे बोट घाला. मूठभर माती निघाली तर मडगार्डचा खालचा भाग आणि सिलचं पुढचं टोक दोन्ही संशयित. मागच्या मडगार्डचा दारामागचा खालचा कोपरा, मागच्या चाकाच्या कमानीची आत दुमडलेली कड, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, बूटचा फ्लोअर, क्रोम पट्टीच्या क्लिपांची भोकं आणि दरवाजांची खालची शिवण हेही बघा. दरवाजाच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं रंगाने बुजलेली असतात, तारेने मोकळी करा. सगळ्यात गंभीर जागा मागच्या पाटा स्प्रिंगची पुढची कडी. तिच्याभोवतीचा पत्रा पापुद्रे धरून फुगला असेल तर रंग, क्रोम, सीट सगळं मागे ठेवा. तिथला पत्रा सुटला तर मागचं अॅक्सल जागचं हलतं.

बॅटरीच्या पेट्यांचं कारण वेगळं आहे. सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे बसतात. तिथे वरून अॅसिड सांडतं आणि खालून चाकांचा चिखल येतो. नवी पेटी बसवण्याआधी ती जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, फसफसणं थांबेपर्यंत धुवा.

सिलमध्ये मुख्यतः तीन पत्रे बघायचे हे ध्यानात ठेवा: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा आणि खालचा पेटीसारखा कॅसल. बाहेरचा चांगला दिसतो कारण तो अनेकदा नंतर वर चढवलेला असतो. मूळ बाहेरचा सिल पुढे मडगार्डच्या आत आणि मागे दारामागच्या कोपऱ्याच्या आत जातो. तो फक्त दिसण्यापुरता दाराखालीच संपत असेल, तर सडक्या सिलवर झाकण मारलेलं आहे. कॅमेरा आत घालून मधल्या पत्र्याची खालची कड बघा. कड करवतीच्या दात्यांसारखी झाली असेल तर हिशेब तिघांचा धरा.

गंजाचे तीन प्रकार, तीन उपाय

रंगाखाली तांबूस धूळ आहे, खरवडल्यावर चकाकता पत्रा निघतो, तर तो वरवरचा गंज. ग्राइंडरवर वायरचा कप लावून किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. खड्डे पडलेत पण पत्रा दाबत नाही, तर तो मधला. पत्रा स्क्रूड्रायव्हरने आत जातो किंवा पापुद्रे निघतात, तर तो गेला. त्याला कुठलंही रसायन परत आणत नाही. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणूनच दोन पत्र्यांमधली शिवण फुगते आणि वेल्डिंगचे ठिपके फाटतात. फुगलेली शिवण वरून घासून काही होत नाही, ती उघडावीच लागते.

मधल्या प्रकारातच सर्वांत जास्त घोळ होतो, कारण इथे मिठाचा संबंध येतो. खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड अडकून राहतात. ते न धुता प्रायमर मारला तर काही महिन्यांत त्याच जागी बारीक फोड येतात, आणि लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. घासून झाल्यावर तो भाग गोड्या पाण्याने ब्रशने चोळून तीनदा धुवा, प्रत्येक वेळी नवं पाणी. किनाऱ्याकडची विहीर खारी असेल तर नळाचंच पाणी वापरा. कंप्रेसरच्या हवेने आणि गरम हवेच्या गनने लगेच वाळवा. मग पत्रा रात्रभर आडोशाला उघडा ठेवा. सकाळी सगळीकडे पुसट पिवळसर झाक आली तर हरकत नाही, पण खड्ड्यांच्या तळाशी गडद काळपट-तांबडे ठिपके उमटले तर तिथे मीठ शिल्लक आहे. पुन्हा घासा, पुन्हा धुवा.

गॅरेजमध्ये संडास धुण्याचं अॅसिड वापरायची सवय दिसते. ते हायड्रोक्लोरिक अॅसिड. गंज झटकन जातो आणि पत्र्यात क्लोराइड सोडून जातो, म्हणजे आपल्या हाताने मीठ चोळल्यासारखं. वापरायचंच तर फॉस्फोरिक अॅसिडवर आधारित द्रावण घ्या. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन वाळवा, कारण उरलेल्या अॅसिडवर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. आमच्या मते बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याला स्वच्छ उघडं लोखंड आणि थेट इपॉक्सी हेच बरं, रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज पालटणारं असं द्रावण, वायरचा ब्रश पोचत नाही अशा कोपऱ्यांसाठी ठेवा.

सस्पेन्शनचे जाड भाग ब्लास्टिंगला द्यायला हरकत नाही. बोनेट, दरवाजे, मडगार्ड मात्र देऊ नका, पातळ पत्रा ताणून लाटा धरतो. ब्लास्टिंगवाला कोणती वाळू वापरतो ते विचारा. समुद्राची वाळू मीठ ठोकून बसवते, आणि कोरड्या सिलिका वाळूची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. कॉपर स्लॅग किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड चालतं.

कडी, ब्रॅकेट, बिजागरी असे लहान भाग विजेने साफ होतात. प्लास्टिकच्या बादलीत दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला जोडा, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि जोडणी काढण्याआधी चार्जर बंद करा. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात घालू नका, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात.

कापण्याआधी

फोटो काढा, भरपूर, प्रत्येकात पट्टी ठेवून. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणले. गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी त्यात अट आहे. त्या दृष्टीने सडलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा पत्रा घाला, स्वतःची डिझाइन करू नका. चासी नंबरच्या पट्टीला तर हातही लावू नका.

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर एमजीबीचे पत्रे बनवते, १९८८ पासून अख्खी बॉडीसुद्धा. बाहेरचा सिल, कॅसल आणि मागचा कोपरा मागवणं परवडतं, कारण त्यांचे बाक हाताने बरोबर जमत नाहीत. फ्लोअरचे सपाट तुकडे आणि मधला उभा पत्रा इथे सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या) शीटमधून बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. भार घेणाऱ्या भागांना १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी. दिसणाऱ्या पातळ भागांना २० गेज. जाड पत्रा मजबूत म्हणून १६ गेज घालण्याचा मोह टाळा. त्याच्या कडेचा जुना पातळ पत्रा आधी फाटतो.

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी बूटखाली असते, मागे काम असेल तर तीही काढा. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी, बॅटरीची जाड केबल फ्लोअरखालून जातात, त्या मोकळ्या करून बाजूला बांधा. आतला डांबरी थर खरवडून काढा, वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेटतो. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर, पाण्याची बादली आणि नुसतं बघत राहणारा एक माणूस हवा. काम संपल्यावरही अर्धा तास त्याला तिथेच बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दाराच्या चौकटीला आधार. गाडी सपाट जमिनीवर, वजन सस्पेन्शनच्या जागांवर ठेवून दाराची फट वर-खाली सारखी होईपर्यंत घोड्या जुळवा. मग बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप, दार लागायला अडणार नाही असा, बोल्ट किंवा वेल्डचा टाका मारून बसवा, शक्य तर दोन, एक वर आणि एक तिरपा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहा. हे न करता सिल कापला की गाडी गुपचूप दोन-चार मिलिमीटर बसते, नवा सिल त्याच चुकीच्या मापाला वेल्ड होतो आणि दार जन्मभर लागत नाही. एका वेळी एकच बाजू. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला ग्राइंडर लावायचा नाही.

कापणं आणि जोडणं

पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, ते उतरवा. काही बोल्ट डॅशबोर्डखालून हाताला लागतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जोर लावून तोडू नका. मागचा कोपरा कापावा लागतो, तो नव्या तुकड्याच्या मापापेक्षा थोडा कमी कापा. बाहेरचा सिल एक मिमीच्या कटिंग डिस्कने काढा. वेल्डिंगचे जुने ठिपके ८ मिमीच्या ड्रिलने सोडवा, डिस्कने नको, नाहीतर खालचा चांगला पत्राही कापला जातो.

कुठपर्यंत कापायचं? गंजाच्या शेवटच्या खुणेपुढे दोन-तीन सेंटिमीटर, जिथे पत्रा पूर्ण जाडीचा आहे तिथपर्यंत. वेल्डिंग करताना पत्रा सतत जळून भोक पडत असेल तर यंत्राचा दोष नाही, तुम्ही अजून सडक्या पत्र्यावरच आहात.

यंत्र सीओटू वेल्डिंगचं. ०.८ मिमीची तार चालते, ०.६ मिळाली तर पातळ पत्र्याला उत्तम. शुद्ध सीओटूपेक्षा आर्गॉन मिसळलेला गॅस कमी ठिणग्या उडवतो. झुआरी-मांडवीच्या काठी बार्जांवर (मालवाहू सपाट बोटींवर) काम करणारे वेल्डर कसबी असतात, पण त्यांचा हात जाड प्लेटवर आणि रॉडवर बसलेला. तोच रॉड एक मिमीच्या पत्र्याला लावला की चाळण होते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की गॅस उडून जातो आणि वेल्ड सच्छिद्र होतो, म्हणून वेल्डिंग सकाळी किंवा दार लावून करा.

क्रम असा: कॅसल, मग मधला उभा पत्रा, मग फ्लोअरची कड, शेवटी बाहेरचा सिल. एकावर एक येणाऱ्या कडांना जस्ताचा, वेल्डिंगखाली चालणारा प्रायमर आधीच लावा, नंतर तिथे ब्रश जात नाही. वर येणाऱ्या पत्र्याच्या कडेत दर ३० मिमीला ६ मिमीचं भोक पाडून ते वेल्डने भरा. कारखान्यातल्या ठिपक्यांच्या वेल्डिंगची जागा हेच घेतं. समोरासमोर टेकणाऱ्या जोडात पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवा. दर २५ मिमीला टाका, मग एक इथे तर पुढचा लांब तिथे. हात लावता येईल इतका पत्रा थंड झाल्यावर पुढचा टाका. सलग रेघ ओढली की पत्रा लाटा धरतो. बाहेरचा सिल पक्का करण्याआधी दार बसवून, आधार न काढता, फट पुन्हा मोजा. या क्षणी दुरुस्ती दहा मिनिटांची आहे, नंतर आठवड्याची.

प्रायमर, पुट्टी, मेण

उघड्या लोखंडावर गोव्याच्या हवेत काही तासांत झाक येते. जेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढंच उघडं करा. थंडीतही सकाळी दंव असतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर असल्याशिवाय रंगकाम नको, म्हणजे व्यवहारात ऊन चांगलं चढल्यावर. प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी. खालच्या बाजूला बार्ज आणि ट्रॉलरसाठी मिळणाराही चालतो, दिसणाऱ्या पत्र्याला गाड्यांचाच घ्या. साधा रेड ऑक्साइड ओल आत सोडतो. त्यावर एक पावसाळा काढलेली गाडी पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत घासावी लागते.

पुट्टी इपॉक्सीवर, दोन-तीन मिमीहून जाड नको, आणि कोरडीच घासा. ती पाणी पिते. पाण्याने घासून वर रंग मारला की ते पाणी आतच राहतं. धुळीसाठी एन९५ मास्क पुरतो, पण दोन डब्यांच्या फिनिश रंगात आयसोसायनेट असतात, त्याला बाहेरून हवा येणारा मुखवटाच हवा. शिवणींवर सीम सीलर. निचऱ्याची भोकं मात्र मोकळी.

रंग पूर्ण सुकल्यावर सिल, दरवाजे आणि बॅटरीच्या पेट्यांच्या पोकळ्यांत लांब नळीच्या नोझलने पोकळीत मारायचं मेण फवारा. निचऱ्याच्या भोकांतून ते थेंब थेंब बाहेर आलं तर सगळीकडे पोचलं. मग भोकं तारेने पुन्हा उघडा. जाड काळं रबरी अंडरकोटिंग आम्ही लावत नाही. ते कडक होऊन तडकतं, मागे पाणी धरतं आणि आतला गंज झाकतं. जुनं इंजिन ऑइल खालून मारण्याची पद्धतही सोडा. ते तेल रबरी बुशांना खातं आणि उरलेलं विहिरीच्या पाण्यात जातं.

दर मे महिन्यात मडगार्डच्या आतली माती पाण्याच्या हलक्या धारेने काढा, रबरी नळी तपासा, पोकळ्यांत मेण पुन्हा फवारा. पावसाळ्यात प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आतली वाफ रात्री पत्र्यावर पाणी होऊन बसते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या. चिऱ्याच्या गॅरेजची जमीन मातीची असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरून वर फळ्या टाका. काचा दोन बोटं उघड्या ठेवा, आणि कापडी छत ओलं असताना कधीही दुमडू नका.